निरोप धाडणारा बेपत्ता झाल्यावर : ‘सुपरनॅचरल’मधल्या देवदूतांच्या निष्ठा आणि बंडं

आज आपण एका अमेरिकन टीव्ही मालिकेतल्या देवदूतांबद्दल बोलणार आहोत. मालिकेचं नाव ‘सुपरनॅचरल’. १३ सप्टेंबर २००५ ला ती सुरू झाली आणि १९ नोव्हेंबर २०२० ला संपली. पंधरा सीझन, ३२७ भाग. ज्यांनी ती पाहिली आहे त्यांना कथानक तोंडपाठ असेल. ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी लागेल तेवढं सांगत जाऊ. एक मात्र आधीच सांगून ठेवतो. शेवटासकट सगळं फोडणार आहोत, तेव्हा ज्यांना मालिका कोरी पाहायची आहे त्यांनी आत्ताच उठावं, आम्ही रागावणार नाही. (हशा)

सॅम आणि डीन विंचेस्टर हे दोन भाऊ. आपल्या काळ्या शेव्हरले इम्पाला गाडीतून ते अमेरिकाभर हिंडतात आणि भुतंखेतं, पिशाच्चं, सैतान यांचा निकाल लावतात. एरिक क्रिप्कीनं ही मालिका निर्माण केली, आणि गंमत अशी की पहिल्या तीन सीझनमध्ये तिच्यात देवदूत नाहीतच. भुतं आहेत, नरक आहे, पण स्वर्गाचा पत्ता नाही. दुसऱ्या सीझनमध्ये काही लोकांना देवदूताचं दर्शन होतं असा एक भाग आहे, आणि तपासाअंती तो एका मेलेल्या पाद्र्याचा आत्मा निघतो. डीनचं म्हणणं साधं आहे : सैतान रोज भेटतो, म्हणून तो खरा, देवदूत कधी भेटला नाही, म्हणून तो खोटा.

मग १८ सप्टेंबर २००८ ला चौथ्या सीझनचा पहिला भाग आला. तिसऱ्या सीझनच्या शेवटी डीन मरून नरकात गेला होता. त्याला तिथून कोणीतरी ओढून वर काढलं आहे. काढणारा एका गोठ्यात त्याच्यासमोर उभा राहतो : चुरगळलेला ट्रेंचकोट, सैल टाय, चेहऱ्यावर भाव म्हणून नाही. हा कॅस्टिएल. ही भूमिका मिशा कॉलिन्सनं केली. मुळात काही भागांपुरतंच असलेलं हे पात्र पुढे मालिकेच्या गाभ्यात जाऊन बसलं. ते का बसलं, याचं उत्तर आम्हाला देवदूतांच्या आपसातल्या भांडणांत सापडतं.

आधी शब्दाकडे बघू. ‘एंजल’ हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थ निरोप्या. आपला ‘देवदूत’ही तेच सांगतो : देवाचा दूत. म्हणजे हे स्वतंत्र काहीच नाही. दुसऱ्याचा निरोप पोचवायचा, दुसऱ्याचा हुकूम बजावायचा. दुताची सगळी किंमत त्याला धाडणाऱ्यावर ठरते. आता ‘सुपरनॅचरल’ने काय केलं, तर दूत सगळे जागेवर ठेवले आणि धाडणारा तेवढा बेपत्ता केला. या स्वर्गातून देव निघून गेलाय. कुठे गेला, का गेला, परत येणार का, कोणालाही माहीत नाही. बहुतेक देवदूतांनी त्याला उभ्या आयुष्यात एकदाही पाहिलेलं नाही. पण हुकूम सुटतच आहेत, पलटणी हलतच आहेत.

आमचं आजचं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे. देवदूतांचं बंड हा काही नवा विषय नाही. मिल्टनच्या ‘पॅराडाइज लॉस्ट’मध्ये, म्हणजे १६६७ साली, तो पुरेसा गाजलेला आहे. पण तिथे सिंहासनावर देव बसलेला आहे. त्यामुळे कोण निष्ठावंत आणि कोण बंडखोर, हे वाचकाला लगेच कळतं. सैतानाच्या छावणीत असूनही देवाच्या बाजूने एकटा उभा राहणारा अब्दिएल तिथे आहे, आणि तो बरोबर का, याबद्दल शंका नाही. ‘सुपरनॅचरल’मध्ये सिंहासन रिकामं आहे. त्यामुळे प्रत्येक जण स्वतःला निष्ठावंतच म्हणवतो, आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या नजरेत फितूर आहे. अशा ठिकाणी निष्ठा म्हणजे नक्की काय, ती ठेवायची कोणावर, हा प्रश्न ही मालिका विचारते. तो ती फार चांगला विचारते. उत्तर देताना मात्र ती कचरते, असं आमचं मत आहे. दोन्ही गोष्टी क्रमाने घेऊ.

आधी या स्वर्गाची रचना. तो दिसतो एखाद्या मोठ्या सरकारी कचेरीसारखा आणि चालतो लष्करासारखा. खाली कॅस्टिएलसारखे शिपाईगडी. मधे झॅकरायासारखे साहेब : सूट, टक्कल, गोड बोलणं आणि मनात भलतंच. वर चार आद्यदेवदूत : मायकल, ल्यूसिफर, राफाएल, गॅब्रिएल. चौथ्या सीझनमध्ये खालच्या फौजेला सांगितलेलं असतं की ल्यूसिफरला कोंडून ठेवणाऱ्या मोहरांपैकी ६६ मोहरा फुटल्या की तो सुटेल, तेव्हा प्राण गेला तरी मोहरा राखा. शिपाई खरोखरच प्राण देतात. आणि सीझनच्या शेवटी झॅकराया डीनला सांगून टाकतो की वरच्यांना मोहरा वाचवायच्याच नव्हत्या. त्यांना ल्यूसिफर सुटायला हवा आहे, प्रलय व्हायला हवा आहे, म्हणजे मायकल त्याला मारील आणि मग पृथ्वीवर स्वर्ग अवतरेल. खालच्यांना हे सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर त्यांनी प्रश्न विचारले असते.

इथे जरा थांबू. कॅस्टिएलचं बंड समजायचं तर हा विश्वासघात आधी समजायला हवा. जे मेले ते हुकूम पाळत मेले, आणि तो हुकूम देणाऱ्यांना तो सफल व्हायला नको होता. अशा वेळी हुकूम मोडणं हे बंड, की तो हुकूम खरा मानून लढत राहणं हेच बंड?

आणखी एक गंमत बघा. देवदूताला पृथ्वीवर वावरायला माणसाचं शरीर लागतं, आणि ते घ्यायला त्या माणसाचा होकार लागतो. सक्तीने शिरता येत नाही. आपल्या शिपायांना ‘का’ विचारायचीही मुभा न देणारी ही व्यवस्था एका सामान्य माणसाच्या ‘हो’साठी अडून बसते. मायकलला डीनचं शरीर हवंय, म्हणून झॅकराया पाचव्या सीझनच्या पहिल्याच भागात डीनला पोटाचा कॅन्सर देतो, सॅमची फुप्फुसं काढून घेतो, आणि म्हणतो, आता होकार दे. छळून घेतलेला होकार त्यांच्या कायद्यात बसतो. कायद्याचं अक्षर पाळायचं आणि आशय मारायचा, हे स्वर्गातही चालतं म्हणायचं!

आता चार भाऊ. बाप घर सोडून गेल्यावर चौघं चार तऱ्हेने वागतात. मायकल थोरला, आज्ञाधारक. बापाचा शेवटचा हुकूम त्याने धरून ठेवलाय : धाकट्याला मारायचं. ल्यूसिफर रुसलेला. बापाने माणसाला आपल्यापेक्षा जास्त प्रेम दिलं, हा त्याचा सल युगानुयुगं भरून आलेला नाही. गॅब्रिएलला भावाभावांची भांडणं बघवेनात, म्हणून तो पळाला आणि एका खोडकर देवाचं सोंग घेऊन पृथ्वीवर दडून राहिला. आणि राफाएल सरळ म्हणतो की देव मेलाय. पण देव मेलाय असं मानणारा हाच राफाएल प्रलय मात्र ठरल्याप्रमाणे व्हायलाच हवा म्हणतो. मालक गेला, तरी त्याची योजना पुढे रेटायची. चौघांत हा आम्हाला सगळ्यात भीतिदायक वाटतो, कारण त्याच्याकडे राग नाही, दुःख नाही, फक्त कार्यक्रमपत्रिका आहे.

पाचव्या सीझनचा शेवटचा भाग, ‘स्वान साँग’, कॅन्ससमधल्या एका स्मशानात घडतो. मायकल आणि ल्यूसिफर समोरासमोर येतात, आणि ल्यूसिफर म्हणतो की हे आपण कशासाठी करतोय, ही सगळी बापाची परीक्षा आहे आणि उत्तर आपल्यालाही माहीत नाही, तर सोड ना हा पट, दोघं निघून जाऊ. सैतान तहाची भाषा बोलतोय. आणि मायकल, सगळ्यात सज्जन मुलगा, नाही म्हणतो. कारण काय, तर मी चांगला मुलगा आहे आणि मला हुकूम आहे. आपल्याला इथे भीष्म आठवल्याशिवाय राहत नाही. हस्तिनापूरच्या गादीशी बांधलेला, समोर चाललेला अन्याय कळत असलेला, तरी प्रतिज्ञा म्हणून त्याच बाजूने लढणारा. पण फरकही आहे. भीष्माला ते सलतं. मायकलला सलतं की नाही हे कळायला आपल्याला पंधराव्या सीझनपर्यंत थांबावं लागतं. तिकडे येऊच.

गॅब्रिएलच्या निमित्ताने एका भागाचा उल्लेख इथेच करू, कारण त्यात आपलीही माणसं आहेत. पाचव्या सीझनमध्ये ‘हॅमर ऑफ द गॉड्स’ नावाचा भाग आहे. एका हॉटेलात जगभरचे जुने देव जमलेत : ओडिन, बाल्डर, मर्क्युरी, आणि त्यांच्यात आपली काली आणि आपला गणपतीसुद्धा. गणपतीबाप्पाला अमेरिकन हॉटेलच्या खोलीत बघून आपल्याकडच्या प्रेक्षकाला कसनुसं होतं, ते स्वाभाविक आहे. त्या चित्रणात थिल्लरपणा आहेच. पण कालीच्या तोंडी एक फार मोलाचा मुद्दा दिलेला आहे. ती देवदूतांना आणि विंचेस्टर बंधूंना सुनावते की तुमच्या एका घरातल्या भांडणाला तुम्ही जगाचा शेवट समजता. आम्ही तुमच्या आधीपासून इथे आहोत. बरोबरच आहे तिचं! बाप आणि चार मुलगे यांच्या भाऊबंदकीपायी अख्खी पृथ्वी पणाला का लागावी? हा प्रश्न मालिकेत दुसरं कोणी विचारत नाही. पुढच्या दहा मिनिटांत ल्यूसिफर येऊन बहुतेक देवांना ठार मारतो. काली वाचते, आणि तिला वाचवताना गॅब्रिएल पहिल्यांदा भावासमोर उभा राहून मरतो. (नंतरच्या एका सीझनमध्ये त्याला परत आणलं, तो भाग वेगळा.) प्रश्न विचारणाऱ्यांना अशा रीतीने खोलीबाहेर घालवलं गेलं, हे लक्षात ठेवा. ही या मालिकेची खोड आहे.

आता खालच्या फळीकडे. आपण कॅस्टिएलला बंडखोर म्हणतो, पण तो पहिला नाही. त्याच्या आधी त्याच्याच पलटणीतले दोघं बंड करून चुकलेत. एक युरिएल. ‘ऑन द हेड ऑफ अ पिन’ या भागात कळतं की आपल्याच भाईबंदांना एकेक करून मारणारा खुनी युरिएलच आहे. तो त्यांना ल्यूसिफरकडे चला म्हणत होता, आणि जे नाही म्हणाले त्यांना संपवत होता. देव नाही, त्याचा कोपही नाही, मग निदान जो आपल्याला माणसांपुढे वाकायला लावणार नाही त्याच्यामागे जाऊ, असं त्याचं गणित. मालक बदलला, चाकरी तशीच राहिली.

दुसरी ॲना. ती कॅस्टिएलची वरिष्ठ. हजारो वर्षं माणसांवर गुपचूप नजर ठेवण्याचं काम केल्यावर तिला वाटलं, हे पुरे. तिने आपली ग्रेस, म्हणजे देवदूताचं सत्त्व, स्वतःच उपटून काढलं आणि माणूस म्हणून जन्म घेतला. तिला कोणाची गादी नको होती, सूड नको होता. तिला चव, स्पर्श, शंका हव्या होत्या. कॅस्टिएलच्या मनात पहिली शंका रुजवते ती हीच. आणि तिचं काय होतं? त्याच सीझनमध्ये स्वर्ग तिला पकडून नेतो, आणि त्यात कॅस्टिएलचा हात असल्याचं दिसतं. पुढच्या सीझनमध्ये ती परत येते ती खुनी होऊन : सॅम जन्मालाच येऊ नये म्हणून भूतकाळात जाऊन त्याच्या आईवडिलांना मारायला निघते. तिथे मायकल तिला क्षणात जाळून टाकतो. एवढ्या विचारी पात्राचा एवढा घाईचा शेवट! तिच्याबद्दल शेवटी पुन्हा बोलू.

तर कॅस्टिएल. त्याचं बंड एका झटक्यात होत नाही, आणि तेच त्याचं सामर्थ्य आहे. आधी तो शंका बोलून दाखवतो, त्याची शिक्षा म्हणून युरिएलच्या हाताखाली टाकला जातो. मग तो डीनला काहीतरी महत्त्वाचं सांगायला जातो, तर मधेच स्वर्गात ओढून नेला जातो. परत येतो तो थंडगार होऊन : मी स्वर्गाचा चाकर आहे, तुझा नाही. आणि चौथ्या सीझनच्या शेवटी, डीनने अगदी हात टेकल्यावर, तो बाजू बदलतो आणि त्याच दिवशी राफाएलच्या हातून मरतो. मग कोणीतरी त्याला उठवतं. तो समजतो, देवानेच उठवलं असणार. म्हणून पाचवा सीझनभर तो देवाला शोधत फिरतो. शेवटी स्वर्गातला माळी जोशुआ निरोप देतो की देवाला सगळं ठाऊक आहे, पण त्याला यात पडायचं नाही. हजारो वर्षांत आलेला एकुलता एक खरा निरोप, आणि तो हा!

इथे हनुमानाची आठवण होते. आपल्या परंपरेतला सगळ्यात मोठा दूत. त्याला सांगितलं होतं सीतेचा शोध घे. तो शोध तर घेतोच, पण अशोकवन मोडतो, रावणाला चार शब्द सुनावतो, लंका पेटवून येतो. हुकमात हे काही नव्हतं. पण त्याला कोणी बंडखोर म्हणत नाही, कारण आपल्या स्वामीच्या मनात काय आहे हे त्याला ठाऊक आहे. स्वतःची अक्कल वापरणं आणि निष्ठा यांत तिथे विरोधच येत नाही. कॅस्टिएलजवळ अक्कल आहे, धैर्य आहे. स्वामीचं मन ठाऊक नाही. म्हणून त्याला दुसऱ्या कोणाचं तरी मन हवं असतं, आणि ते तो डीनमध्ये शोधतो. त्याचं बंड म्हणजे निष्ठेचा त्याग नव्हे. त्याने निष्ठा एका पदावरून उचलून एका माणसावर ठेवली. हे सुंदर आहे, आणि धोक्याचंही आहे. धोका सहाव्या सीझनमध्ये दिसतो.

सहावा सीझन अनेकांना आवडत नाही. क्रिप्कीनं पाच सीझनची गोष्ट आखली होती, ती पूर्ण करून त्याने सूत्रं सोडली होती, आणि त्यानंतर मालिका भरकटली अशी तक्रार आहे. देवदूतांच्या दृष्टीने मात्र हा सीझन सगळ्यात श्रीमंत आहे. स्वर्गात यादवी माजली आहे. आपल्याकडे सिव्हिल वॉरला यादवी म्हणतात, आणि हा शब्द इथे फार चपखल बसतो, कारण यादवांनाही बाहेरच्या कोणी मारलं नाही. ‘द मॅन हू वुड बी किंग’ या भागात ही कहाणी कॅस्टिएल स्वतः सांगतो. प्रलय टळल्यावर तो स्वर्गात जाऊन भाईबंदांना सांगतो, आता तुम्ही मोकळे आहात. त्यांना कळतच नाही मोकळं म्हणजे काय. ते विचारतात, मग आता आम्ही काय करायचं? हुकमाशिवाय जगायची सवयच नाही. राफाएल म्हणतो, मला मुजरा करा, प्रलय पुन्हा सुरू करू. कॅस्टिएल नकार देतो, पण राफाएलला हरवायचं बळ त्याच्यात नाही.

मग येतो तो प्रसंग. कॅस्टिएल डीनकडे मदत मागायला जातो. डीन सगळं सोडून संसाराला लागलाय, अंगणात पाचोळा गोळा करतोय. कॅस्टिएल अदृश्य उभा राहून बघत राहतो. याने माझ्यासाठी आधीच खूप केलंय, आता याला कशाला ओढायचं? आणि नेमका तेव्हाच नरकाचा राजा क्रॉली कानाशी येतो. ५०,००० आत्मे उसने देतो म्हणतो, पुढे पर्गेटरीतला माल सापडला की निम्मा वाटा. कॅस्टिएल हो म्हणतो. त्या भागाच्या शेवटी तो देवाला विनवतो की मी चुकत असेन तर एक खूण दे, एकच. खूण येत नाही.

आमच्या मते कॅस्टिएल सैतानाशी सौदा करतो त्याच्या कितीतरी आधी, त्या अंगणातच घसरलेला असतो. त्याने विचारलं नाही. ज्याच्यासाठी हुकूम मोडला त्यालाच त्याने ‘तुझ्या भल्यासाठी’ अंधारात ठेवलं. झॅकरायाने शिपायांशी हेच केलं होतं ना? खालच्यांना सांगितलं तर ते प्रश्न विचारतील! बंड करून आलेल्याने जुन्या साहेबाची तीच एक सवय बरोबर आणली. त्याचा शेवट ठरलेलाच होता. तो आत्मे गिळतो, मित्र बाल्थझारला पाठीत सुरा खुपसून मारतो, राफाएलला चुटकीसरशी उडवतो, आणि डीनसमोर उभा राहून जाहीर करतो की आता मीच तुमचा नवा देव, वाका. सातव्या सीझनच्या सुरुवातीला स्वर्गात राफाएलच्या बाजूच्या देवदूतांचे सडे पडलेले दिसतात. रिकाम्या सिंहासनाला विरोध करता करता हा स्वतःच त्यावर बसला.

आठव्या सीझनमध्ये नेओमी येते. स्वर्गातली बंडखोरी मोडून काढणारी अधिकारी. ती कॅस्टिएलच्या डोक्यात शिरून स्मृती पुसते, त्याच्याकडून डीनच्या प्रतिमेचा पुन्हा पुन्हा खून करवून घेते, म्हणजे खरा डीन समोर आल्यावर हात थरथरू नये. आणि कळतं की हे पहिल्यांदा नाही. याच्या आधीही याला कितीदा तरी असं धुऊन काढलेलं आहे. नेओमीचं निदान असं की हा कारखान्यातूनच तडा घेऊन बाहेर पडला, याला सांगितलेलं कधी पुरतं पाळताच आलं नाही. ऐकायला हे चाहत्यांना आवडतं : आमचा कॅस्टिएल पहिल्यापासून वेगळा! पण जरा विचार करा. तडा असेल, तर निर्णय कुठे राहिला? गाडीचा ब्रेक निकामी झाला म्हणून गाडी थांबली नाही, तर तिला आपण शूर म्हणत नाही. चौथ्या सीझनमध्ये आपण एका आज्ञाधारक शिपायाला कष्टाने, भीत भीत निर्णयाकडे जाताना पाहिलं. नेओमीचं वाक्य ते कष्ट पुसून टाकतं. ते वाक्य एका पात्राचं आहे, मान्य. त्रास याचा की पुढे मालिका स्वतःच ते वाक्य खरं मानून चालते.

नवव्या सीझनमध्ये मात्र याचं अस्सल उत्तर सापडतं. आठव्या सीझनच्या शेवटी देवाचा लेखनिक मेटाट्रॉन कॅस्टिएलला फसवून असा मंत्र करवतो की सगळे देवदूत स्वर्गातून खाली कोसळतात. खाली टोळ्या पडतात, मारामाऱ्या सुरू होतात, आणि हळूहळू एक मोठी फौज कॅस्टिएलच्या मागे गोळा होते. आता ती फौज निष्ठेचा पुरावा मागते. पुरावा म्हणून त्याने डीनला मारावं. हॅना नावाची देवदूत त्याच्या हातात पातं देते. सगळे बघतायत. कॅस्टिएल नाही म्हणतो, आणि एका क्षणात अख्खी फौज त्याला सोडून मेटाट्रॉनकडे निघून जाते. सहाव्या सीझनमध्ये डीनसाठी म्हणून त्याने सत्ता मिळवली होती. इथे डीनसाठी हातातली सत्ता जाऊ दिली. लपवाछपवी नाही, सौदा नाही, सगळ्यांसमोर एक ‘नाही’. पंधरा सीझनमधलं त्याचं खरं बंड आम्ही हे मानतो.

त्याच सीझनच्या शेवटी गाद्रिएलही आहे. एडनच्या बागेचा राखणदार, ज्याच्या हातून सर्प आत शिरला, आणि त्यापायी ज्याने युगं तुरुंगात काढली. कॅस्टिएलला कोठडीतून सोडवायला तो स्वतःचा स्फोट करून घेतो. कलंक पुसायला त्याला दुसरी वाट दिसत नाही. आणि मेटाट्रॉन कसा हरतो? कॅस्टिएल त्याला बोलतं करतो, आणि तो देवदूतांना कशी मेंढरं समजतो हे सगळ्यांना थेट ऐकू जातं. मेंढरं उलटतात.

पण इथेच आमची मुख्य तक्रार आहे. मेटाट्रॉन त्यांना मेंढरं म्हणतो म्हणून तो खलनायक. मग मालिका त्यांना वेगळं काय समजते? शेकडो देवदूत मरतात, बहुतेक पडद्याबाहेर, बहुतेक बिननावाचे. तेराव्या सीझनपर्यंत स्वर्गात बोटांवर मोजण्याइतके उरतात, आणि ही गोष्ट एखाद्या संवादात उरकली जाते. आता आम्ही काय करायचं, असं विचारणाऱ्या त्या देवदूतांना उत्तर कधीच मिळालं नाही. स्वेच्छेचं एवढं गुणगान करणाऱ्या मालिकेत स्वेच्छा मिळाली ती एकाला. ज्याला माणसाचा मित्र मिळाला त्याला. ॲनाला असा मित्र नव्हता. तिने मित्राशिवाय, बक्षिसाशिवाय, फक्त स्वतःच्या विचाराने हुकूम मोडला होता. तात्त्विकदृष्ट्या बघाल तर तिचं बंड कॅस्टिएलच्या बंडापेक्षा स्वच्छ होतं. आणि नेमकी तीच वेडी ठरवून जाळली गेली. काली आठवा, ॲना आठवा. नायकांशी नातं नसलेल्यांचा प्रश्न या मालिकेला पेलत नाही.

यावर एक आक्षेप येईल : पंधरा वर्षं चाललेली मालिका, लेखक बदलले, सूत्रधार बदलले, एवढी सुसंगती कशी मागता? मागत नाही. पण सूत्रधार बदलत गेले तरी ही खोड तीच राहिली, म्हणून तिला खोड म्हणतो.

आता शेवट. अकराव्या सीझनमध्ये उघड होतं की देव म्हणजे चक, चौथ्या सीझनपासून आपल्यासमोर असलेला तो किरकोळ कादंबरीकार. तो गेलेलाच नव्हता. बघत बसला होता, आणि लिहीत होता. पंधराव्या सीझनमध्ये तोच शत्रू आहे. शेवटून दुसऱ्या भागात मायकल पुन्हा येतो. इतका काळ बापाने आपल्याला फसवलं हे त्याला कळलेलं आहे, तो विंचेस्टर बंधूंच्या बाजूने आहे, तो ल्यूसिफरला मारतोही. आणि ऐनवेळी बापाकडे फितूर होतो. चांगला मुलगा. बाप त्याचं काय करतो? त्याला मारून टाकतो. स्मशानातल्या त्या प्रसंगाचं उत्तर आम्हाला इथे मिळतं. मायकलला सलत होतं; पण बापाने आपल्याकडे एकदा बघावं ही आस त्याहून मोठी होती.

त्याच्या एक भाग आधी, ५ नोव्हेंबर २०२० ला दाखवलेल्या भागात, कॅस्टिएल डीनला वाचवायला स्वतःला संपवतो. जाताना तो प्रेम बोलून दाखवतो. त्या कबुलीवर आणि तिच्या पाठोपाठच्या मृत्यूवर बरीच चर्चा झाली, वाद झाले, ते वाद रास्त आहेत. आपल्या विषयापुरतं एवढंच बघू की त्याने काय सांगितलं : तू भेटलास म्हणून मी बदललो, तुझ्यामुळे मला जगाची फिकीर वाटू लागली. यात कारखान्यातल्या तड्याचा उल्लेख नाही. नेओमीचं निदान तो स्वतःच खोडून काढतो. आणि पहिल्यांदाच तो डीनला अंधारात न ठेवता, सगळं सांगून जातो. अंगणातली ती चूक तेव्हा दुरुस्त होते.

शेवटच्या भागात आपल्याला सांगितलं जातं की ल्यूसिफरचा मुलगा जॅक, जो आता देव आहे, त्याने स्वर्ग नव्याने उभा केला, आणि कॅस्टिएलने त्याला मदत केली. भिंती पाडल्या, आता माणसं एकमेकांना भेटू शकतात. छान आहे. पण हे एका वाक्यात कळतं. त्या नव्या स्वर्गात देवदूत कसे राहतात? कोणाचा हुकूम चालतो? कोणी ‘का’ विचारलं तर त्याला उत्तर मिळतं का, की नव्या नेओमीकडे पाठवतात? कॅमेरा तिकडे वळतच नाही. तो दोन भावांबरोबर आणि त्यांच्या गाडीबरोबर राहतो.

म्हणून ही मालिका पुन्हा बघाल तेव्हा एक करा. कॅस्टिएलवरून नजर काढून त्याच्यामागे उभ्या असलेल्या देवदूतांकडे बघा. सुटातले, कोटातले, बिननावाचे. धाडणाऱ्याने निरोप धाडणं सोडून दिलं तरी ते बिचारे ताटकळत उभे आहेत. त्यांच्यातल्या एकाने मान वर केली, त्याची गोष्ट आपल्याला सांगितली गेली. बाकीच्यांची गोष्ट अजून कोणी लिहिलेली नाही, आणि आम्हाला वाटतं, ती जास्त अवघड आहे.

आता प्रश्न असतील तर घेऊ.